बंद इंजिनाचा ब्रेक

आमच्या गावात शिरताना आधी पाण्याची टाकी लागते. टाकीपासून आमच्या दारापर्यंत रस्ता सगळा उताराचा आहे, आणि दारावरून पुढे तो तसाच तापीच्या घाटापर्यंत उतरत जातो. या उतारामुळे आमच्या घरात एक रीत पडली. टाकी आली की गाडी बंद करायची. चावी फिरवायची, गियर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची. ती आपली घरंगळत येते. दारात आली की ब्रेक दाबायचा. एवढ्याने किती पेट्रोल वाचत असेल ते मला माहीत नाही, पण आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दृष्टीने घराण्याची अब्रू त्यात होती. केळीचा भाव पडो की वाढो, आमची गाडी टाकीपासून मुकीच यायची.

गावाने याची थट्टा केलीच. "त्या घरमा गाडी येस का मांजर?" असं पारावरचे लोक म्हणायचे. मायला कोण कधी आलं ते कळायचं नाही. ती चुलीशी असायची आणि एकदम मागे माणूस उभा दिसायचा. तिने कितीदा दचकून हातातलं भांडं टाकलं असेल.

माझा भाऊ माझ्याहून लहान. मोटारसायकल तो आबांना मागे बसवून शिकला. टाकी जवळ आली की मागून आवाज यायचा, "बंद कर." उशीर झाला तर डोक्याच्या मागच्या बाजूला चापट. पुढे तो मोठा झाला, मिशा आल्या, शेत त्याच्या हाताखाली आलं, तरी आबा मागे बसले की ते दोन शब्द यायचेच, आणि ते ऐकले की त्याचा हात चावीकडे जायचा. मी एकदा समोरून येताना पाहिलं होतं. तो कुणाशी तरी बोलत होता, मान वळलेली होती, आबांनी "बंद कर" म्हटलं, आणि बोलणं न थांबवता त्याने चावी फिरवली. आपण काही केलं हे त्याला कळलंही नसावं.

मी शहाद्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रोज बसने जाते, येते. लग्न केलं नाही. भावाचं झालं नाही, दोन्हींत फरक आहे. शेतकऱ्याला कुणी मुलगी देत नव्हतं. आमची जमीन बागायती, घर पक्कं, पण येणारे विचारायचे, "नोकरी कुठं?" आणि उत्तर ऐकून चहा संपवायचे.

ट्रॅक्टरच्या सीटवर बसून बसून त्याच्या कमरेचा मणका सरकला होता. पट्टा बांधून तो शेतात जायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हादरे टाळा. आबा म्हणाले, "बायको नही, तठे कंबर काय कामनी?" हे त्यांनी सगळ्यांसमोर, जेवताना म्हटलं, आणि स्वतःच हसले. भाऊही हसला. आमच्या घरात आबांच्या विनोदाला हसण्याची पद्धत होती.

पुढे कधीतरी त्याने ते यंत्र आणलं. बॅरेज झाल्यापासून तापीचं पाणी आमच्या गावापुढे फुगून उभं राहतं. पात्र एवढं रुंद होतं की पलीकडची माणसं ओळखू येत नाहीत. भावाचं म्हणणं होतं की या पाण्यात आम्ही फक्त पाइप टाकून बसलो आहोत. गुजरातहून जवळच्या प्रकाशा तीर्थाला दर्शनाला माणसं येतात, सुट्टीला तीच माणसं समुद्रावर जाऊन पाण्यावरच्या स्कूटरवर बसतात, मग इथे का नाही बसणार? समुद्राकाठचा कुणी हॉटेलवाला आपली जेट-स्की विकायला काढत होता. जवळजवळ नवीच. त्याने ती घेतली.

ती ट्रॉलीवरून आली तेव्हा सगळी गल्ली जमली. नवं वाहन म्हणून पूजा करायची होती. हळद-कुंकू झालं, नारळ झाला, आणि मग लिंबं हातात घेऊन आबा थांबले. लिंबू चाकाखाली ठेवायचं, पण याला चाकं कुठे? कुणीतरी म्हणालं, "पानीखाले ठेवा आबा, तरंगी येतीन." शेवटी त्यांनी लिंबं ट्रॉलीच्या चाकांखाली ठेवली आणि ट्रॉली पुढे ओढून ती फोडली.

"ट्रॉलीनी पूजा व्हयनी," शेजारचा म्हणाला.

आबा भावाकडे बघून म्हणाले, "पोर कोनी देत नही म्हनीसन यानी फटफटीसंगे लगीन लायं. वऱ्हाडीसले गूळ वाटा रे."

लोक पोट धरून हसले. भाऊ दोरी सोडत होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

त्या यंत्रात दोन गोष्टी नव्या होत्या आणि त्या दोन्ही त्याला सांगायच्या होत्या. घरात ऐकून घेणारी मीच होते. एका रविवारी सकाळी त्याने मला मागे बसवलं.

"ताई, आधी हे बघ," तो म्हणाला. बसायची जागा आणि हँडल हा वरचा भाग वेगळा होता आणि खालचा, पाण्याला लागणारा, वेगळा. मधे शॉकअप. लाट खालच्या भागाला बसते, वरचा माणूस तसाच राहतो. "जुन्या मशिनींवर लाट थेट मणक्याला लागते. यावर नाही. म्हणून तर मी हीच घेतली."

खरंच काही लागत नव्हतं. मी पुस्तक वाचू शकले असते असं मला वाटलं. वेग किती आहे ते काठाकडे पाहिलं तेव्हा कळलं. केळीच्या बागा एकमेकींत मिसळून एक हिरवी पट्टी झाली होती. मी त्याचा पट्टा घट्ट धरला, कमरेचा, दुखण्याचा.

"आणि आता हे," असं म्हणून त्याने डाव्या हाताची दांडी दाबली. यंत्राचं तोंड पाण्यात दबलं, पुढून पाणी उसळलं आणि आम्ही थांबलो. पाण्यावर थांबलो. मला हसू आलं.

"कसं काय थांबतं रे?"

"शेतात मोटार चालू असताना पाइपाच्या तोंडापुढे हात धरला की काय होतं?"

"पाणी आपल्याच अंगावर येतं."

"तेच. हे पाण्याची धार मागे फेकून पुढे जातं. ब्रेक दाबला की धारेपुढे एक डबा खाली येतो आणि धार उलटी वळवतो. धारच त्याला मागे ढकलते." मग तो म्हणाला, "फक्त इंजिन चालू पाहिजे. इंजिन बंद तर धार बंद, धार बंद तर ब्रेक नाही. हँडलही वळत नाही, म्हणजे वळतं, पण मशीन वळत नाही. आबांना हे कसं पटायचं!"

आम्ही दोघं हसलो. काठ जवळ आला तसा त्याने वेग अगदी कमी केला, मग मनगटाला बांधलेल्या दोरीची चावी ओढून इंजिन बंद केलं, आणि यंत्र हळूहळू घाटाला टेकलं. आबा घाटावर उभे होते. त्यांनी बंद इंजिन ऐकलं आणि मान हलवली. एवढ्या सगळ्या यंत्रात त्यांना पसंत पडलेली ती एकच गोष्ट होती.

रोज तो असाच यायचा. आधी सावकाश, मग बंद, मग पाण्याच्या मर्जीने काठाला. आबांची रीत राहिली आणि त्यालाही काही झालं नाही.

मग रनाळ्याचे पाहुणे आले. मुलगी शिकलेली होती, आणि तिच्या वडिलांना, का कोण जाणे, शेतकरी मुलगा चालणार होता. मुलीचे वडील आणि मामा दोघं आले. माय सकाळपासून घरात पळत होती. भावाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पट्टा शर्टाच्या आत बांधला होता. कमरेचं सांगायचं नाही असं आबांनी ठरवलं होतं.

पोहे झाले. मामा बोलका होता. त्याला ते यंत्र बघायचं होतं. माय स्वयंपाकासाठी घरी थांबली, बाकी सगळे घाटावर गेले, मीही गेले. यंत्राला ब्रेक आहे हे ऐकून मामा म्हणाला, "पानीवर ब्रेक? पानीले काय डांबर लायेल शे का?"

सगळे हसले. मुलीचे वडीलही हसले. आबांना ते लागलं. विनोद करणं हा त्यांचा मान होता, तो दुसऱ्याने घेतला होता.

"पोऱ्या दखाडी तुमले," ते म्हणाले. "जोरमा येई, दूरथून इंजिन बंद करी, आनि आठे तुमना पायजोडे ईसन उभा ऱ्हाई. आमना घरमा एक टिपका पेट्रोल वाया जात नही, व्याही."

व्याही म्हणाले ते. अजून काही ठरलं नव्हतं.

भाऊ तोवर यंत्र पाण्यात ढकलत होता. त्याने यातलं किती ऐकलं मला सांगता येणार नाही. तो लांब गेला, पार मधल्या धारेपर्यंत, वळला, आणि सरळ घाटाकडे आला. वेगात आला. ब्रेक दाखवायचा तर वेग हवा. यंत्राचा वरचा भाग इतका स्थिर होता की तो एखाद्या खुर्चीवर बसून येतो आहे असं वाटत होतं. शर्ट फडफडत होता. मामा म्हणाला, "वा!" त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं.

मला आठवतं, मला तेव्हा भीती वाटली नाही. त्याला ते यंत्र येत होतं. आणखी थोडा पुढे येऊन तो डाव्या हाताची दांडी दाबणार, तोंड पाण्यात दबणार, पाणी उसळणार, मामा भिजणार, आणि कदाचित हे लग्न ठरणार, एवढं मला दिसत होतं.

आबा एक पायरी खाली उतरले. तोंडाजवळ हात धरून ते पूर्ण ताकदीने ओरडले, "बंद कर!"

इंजिनाच्या आवाजावर तो आवाज गेला. उभ्या आयुष्यात तो कुठल्याही आवाजावर गेला होता. भावाचा हात मनगटाच्या दोरीकडे गेला, आणि तापीवर एकदम शांतता झाली.

त्या शांततेत तो आला. डाव्या हाताने दांडी पुन्हा पुन्हा दाबत होता हे मी पाहिलं. हँडल त्याने पूर्ण वळवलं होतं. यंत्र वळलं नाही. घाटाच्या कडेला पिचिंग, म्हणजे दगड बसवून केलेला उतार आहे, त्यावर ते चढलं. भाऊ हँडलवरून पुढे फेकला गेला. पायऱ्यांच्या कडा तिथे नव्याने घडवलेल्या आहेत, धारदार.

मामाचा बूट भिजला. तेवढंच पाणी उडालं.

शहाद्याला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. पोहोचलो तेव्हा डॉक्टरांनी त्याचा शर्ट कापला आणि आतला पट्टा बघून विचारलं, "याला कमरेचा त्रास होता का?" आबा म्हणाले, "नही." मुलीचे वडील तेव्हा शेजारीच उभे होते.

रनाळ्याचे पाहुणे दहाव्याला आले नाहीत. मुलगी वाचली, असं त्यांच्या घरी म्हणाले म्हणे. आमच्या गावात वेगळं बोललं गेलं. ब्रेक होता पण याला दाबता आला नाही. पोरीचा बाप बघून हातपाय गळाले. लग्नाची घाई नडली. घरी भेटायला येणाऱ्या बायका मायच्या गळ्यात पडून रडायच्या आणि ओसरीवर चपला घालताना हेच बोलायच्या. यंत्राला ज्या ट्रॉलीवरून घाटावर नेलं होतं ती मात्र जशीच्या तशी परत आली. लिंबं तिच्याच चाकांखाली फुटली होती.

लोकांच्या बोलण्यात माझा भाऊ मूर्ख ठरत चालला होता. मेलेल्या माणसाचं एवढंच शिल्लक राहतं, लोक काय म्हणतात ते, आणि त्याचं तेही जात होतं. आबांना वेगळंच हवं होतं. त्यांना ब्रेक नादुरुस्त ठरायला हवा होता. हॉटेलवाल्याने फसवलं, खराब माल गळ्यात मारला, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. शेवटी त्यांनी सुरतेकडचा या यंत्रांचा एक मेकॅनिक बोलावला. तो बघेल, ब्रेक खराब होता असं सगळ्यांसमोर सांगेल.

मला खरं काय ते माहीत होतं. मी बोलले नाही. घाबरून नाही. हे मी सांगितलं असतं तर आबांनी एका वाक्यात उडवलं असतं, "पुस्तकंमा वाचं का?" म्हणून. मला ते त्यांच्याच तोंडून निघायला हवं होतं, चार लोकांत.

मेकॅनिक आला तो गॉगल लावून, स्वतःच्या गाडीने. आमच्या घरात कोण गेलं आहे हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने "ओहो" म्हटलं आणि मोबाइलला चार्जर मागितला. नाश्ता पोटभर केला. मग अंगणात ट्रॉलीवर ठेवलेल्या यंत्राशी गेला. तोंड फुटलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. शॉकअप दाबून बघत तो म्हणाला, "वा, एकदम नये हैं."

इंजिनाला पाणी हवं म्हणून त्याने बागेचा पाइप मागितला. मायने आतून मोटार सुरू केली. आबांनी पाइप धरला. शेजारी जमले होते, भिंतीवरून डोकावत होते. मेकॅनिकने इंजिन क्षणभर सुरू केलं, डावी दांडी दाबली. मागचा डबा झटक्यात खाली आला. सोडली, वर गेला. पुन्हा दाबली, पुन्हा आला. त्याने इंजिन बंद केलं.

"ब्रेक तो बराबर है, काका."

"कसा बराबर?" आबा ओरडले. "मन्हा पोऱ्या मरी गया आनि तू बराबर सांगस?"

"इंजिन चालू था ना उस टाइम?"

"बंद व्हतं," आबा म्हणाले. ते भिंतीवरच्या लोकांकडे वळले, साक्षीला बोलवावं तसे. "मीच सांगं त्याले बंद कर म्हनीसन. आख्खा घाटनी ऐकं. आनि त्यानी बंद करं. लगेच. मन्हा पोऱ्यानी मन्हा शबद कधी खाले पडू दिन्हा नही. वेंधळा नव्हता तो."

त्यांना वाटलं हा पुरावा आहे. त्यांचा आवाज अभिमानाने चढला होता. इतक्या वर्षांत भावाबद्दल तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मेकॅनिकने गॉगल वर केला. "फिर ब्रेक का क्या कसूर, काका? बंद इंजिन को ब्रेक होता ही नहीं. आपने बंद करवाया, तो वो क्या करता?" मग हात पुसत म्हणाला, "शॉकअप अच्छे हैं. बेचना हो तो मुझे ही बोलना."

भिंतीवरची डोकी एकेक करून खाली गेली. आबा पाइप धरून उभे होते. पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं, अंगणात चिखल होत होता. आत मायने मोटार बंद केली तशी धार बारीक झाली आणि थांबली. ते पाइपाच्या कोरड्या तोंडाकडे बघत राहिले.

माय बाहेर आली. मोटारीच्या आवाजात तिने काही ऐकलं नव्हतं. मेकॅनिक निघून गेला होता. "काय सांगं त्यानी?" तिने मला विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे कधी काही मागत नाहीत. तेव्हा मागत होते.

मी मायला सांगितलं. धार, डबा, बंद इंजिन, सगळं, तिला कळेल अशा शब्दांत. पाइपापुढे हात धरायचं उदाहरण भावाचंच दिलं. भाऊ शेवटपर्यंत दांडी दाबत होता हेही सांगितलं. कोण ओरडलं ते तिला ठाऊक होतं. तो आवाज घाटावरून स्वयंपाकघरापर्यंत आला होता. माय ऐकत राहिली. शेवटी तिने पदराने हात पुसले आणि आत जाऊन भात उतरवला.

गावात ते त्याच संध्याकाळपर्यंत पोहोचलं. भाऊ मूर्ख होता असं आता कुणी म्हणत नाही. यंत्राचे शॉकअप मेकॅनिक घेऊन गेला, उरलेलं धूड गोठ्यामागे आहे, कोंबड्या त्यावर बसतात.

त्यानंतर काही दिवस आबा टाकीपाशी गाडी बंद करेनात. इंजिन चालू ठेवून दारापर्यंत यायचे. हात चावीकडे जात नसावा. घराला पहिल्यांदाच कोण आलं ते ऐकू यायला लागलं होतं.

मग एका संध्याकाळी मायला गाडीचा आवाज टाकीकडून ऐकू आला. ती हातातलं काम टाकून ओट्यावर गेली. मी तिच्या मागे गेले. आबा टाकीपाशी दिसत होते. मायचा आवाज मोठा नाही. आयुष्यभर तिने तो कधी चढवला नव्हता. तो तिने तेव्हा चढवला.

"बंद करा!"

पारावरची माणसं वळून बघू लागली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात चावीकडे गेला.

आता रोज असं होतं. ती वाट बघत उभी असते. ती ओरडते, ते बंद करतात, आणि गाडी आवाज न करता, तिच्या नजरेसमोरून, सबंध उतार घरंगळत येते. दारात ते ब्रेक दाबतात. तो लागतो.